सासूबाईंचं सगळ्यात चांगलं काम

१

कामात पटाईत माणूस दिसला की माझे पाय थबकतात. ही माझी जुनी खोड आहे आणि तिच्यापायी मी कितीतरी वेळा बस चुकवली आहे. मोठाल्या काचा वाहून नेणारे दोघं जण गर्दीतून वळताना एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, ते बघायला मी भर उन्हात उभी राहते. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाशी गप्पा छाटत, हाताकडे न बघता, कानामागून वस्तरा फिरवतो. मी बाहेरून काचेतून टक लावून बघते आणि आतलं गिऱ्हाईक बिचारं संकोचतं. नवरा म्हणतो, ‘‘तुला स्थळं बघायचीच नव्हती, तुला कारागीर बघायचे होते.’’ खरंच आहे ते. मी या घरात आले ती त्याच्याकडे बघून नव्हे, सासूबाईंच्या हाताकडे बघून, हे मी त्याला तोंडावर सांगते. तो हसतो.

तेव्हा मी गिऱ्हाईक होते. माझ्या एकुलत्या एका चांगल्या कोटाला बाहीवर खिळा लागून भोक पडलं होतं. तो यांच्या दुकानात रफूला टाकला. काही दिवसांनी घ्यायला गेले तर सासूबाईंनी तो काउंटरवर पसरला, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘शोधा बघू.’’ मी बाही डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे धरली, बोटांनी चाचपली. भोक कुठे होतं ते मला पाठ होतं आणि तिथे काहीच नव्हतं. सासूबाई खो खो हसल्या आणि त्यांनी आत हाक मारली, ‘‘अरे, ये जरा, ही बघ कशी वेडी झालीय!’’ हाकेसरशी जो बाहेर आला तो माझा आत्ताचा नवरा. पुढच्याच आठवड्यात मी एक धडधाकट स्कार्फ स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवून फाडला आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले.

खाली दुकान, वर घर. दुकानात पुढे काउंटर आणि नवऱ्याचं वाफेच्या इस्त्रीचं टेबल, मागे सासूबाईंची खोली. त्या खोलीला एक भलीमोठी खिडकी आहे. खिडकीशी एक ताठ पाठीची खुर्ची आणि बाकी सगळीकडे लोकांचे कपडे. सासूबाई दिव्याखाली टाका घालत नाहीत. बाहेरचा धागाही घेत नाहीत. ज्या कापडाला भोक पडलं त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून, शिवणीच्या पोटातून एकेक धागा अलगद उसवायचा आणि त्यानेच भोक विणून बुजवायचं, उभ्यात आडवा, आडव्यात उभा. सुटी टोकं उलट्या बाजूला सोडायची. ‘‘परका धागा कितीही गोड बोलला तरी कधीतरी तोंड काढतोच,’’ असं त्यांचं म्हणणं. नम्रपणा त्यांच्या गावीही नाही. कुणी कौतुक केलं तर त्या ‘छे छे’ म्हणत नाहीत, ‘अजून बोला’ म्हणतात. मला त्या त्यामुळे जास्तच आवडतात.

२

घरात मला सगळी मुभा आहे, एक गोष्ट सोडून. आमचं पांघरूण मी धुवायचं नाही.

नवरा आणि मी मिळून एकच मोठं लोकरी पांघरूण घेतो. राखाडी, जड, जरासं टोचणारं. ते सासूबाई स्वतः धुतात, स्वतः वाळत घालतात. वाळलं की मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात, दार लोटून घेतात आणि अर्धा दिवस त्यावर सुई घेऊन असतात. धड पांघरुणाला सुई कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. ‘‘लोकर आहे, सुटते,’’ एवढंच उत्तर मिळालं. त्या दिवशी दाराआडून त्यांचा आवाज येत असतो. पुटपुटल्यासारखा, मधूनच हसल्यासारखा. म्हातारं माणूस एकटं बोलतं, त्यात काय एवढं. संध्याकाळी बाहेर येतात तेव्हा चेहऱ्यावर तजेला असतो, आवडता पाहुणा येऊन गेल्यासारखा. मी मनात म्हणायचे, यांना काम म्हणजे करमणूक आहे.

यंदा थंडी सरत असताना एक प्रकार झाला. आमचे एक वकील आहेत, जुने आणि खवट. दरवर्षी त्यांचा काळा कोट कुठेतरी भोक पाडून घेतो आणि दरवर्षी सासूबाईंचा ‘शोधा बघू’चा खेळ होतो. वकीलसाहेब प्रत्येक वेळी हरतात आणि प्रत्येक वेळी अपील करणार म्हणतात. या वेळी त्यांचं बोट कोटाच्या कडेशी आलं आणि थांबलं.

‘‘हे काय?’’ ते म्हणाले. ‘‘इथे लागतंय की बोटाला.’’

जिंकले म्हणून ते खूश व्हायला हवे होते, पण त्यांनी घाईघाईने कोट उचलला आणि ‘‘तसं काही नाही हो, माझंच बोट खरखरीत,’’ असं म्हणू लागले. सासूबाईंनी कोट त्यांच्या हातातून काढून घेतला, खिडकीशी नेला आणि नाकाला लागेल इतका जवळ धरला. खूप वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करू, चांगलं दिसेल, टीव्ही दिसेल, पेपर वाचता येईल. पण धागान् धागा वेगळा दिसेल याची हमी देता येणार नाही. ‘‘मग दिसेल काय कपाळ?’’ सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या. ते हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी एकच विचारलं.

‘‘पांघरूण कुठाय?’’

३

त्यानंतरच्या धुण्याला त्या पांघरूण घेऊन दिवसभर बसल्या, उजेड जाईपर्यंत. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर तजेला नव्हता.

पुढे एका सकाळी मी उठले तर माझ्या अंगठीत पांघरुणाचं एक सुटलेलं टोक अडकलं होतं. खालच्या बाजूने आलेलं, वीतभर लोंबणारं. मी ते ओढलं नाही. सासूबाईंच्या हाताखाली राहून इतकं तरी शिकले आहे. मी ते आत दडपलं आणि कामाला लागले.

त्याच दिवशी काउंटरवर एक बाई कोट द्यायला आल्या. मी कोट घेतला, खिसे तपासले, तारीख सांगितली. त्या माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होत्या.

‘‘तुम्ही हलताय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘अशा. डावीकडे, उजवीकडे.’’

मी खाली बघितलं. खरंच, माझं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होतं, हळूहळू, एका लयीत. त्यांचा कोट मी घडी करून खांद्यावर घेतला होता आणि माझा तळहात त्यावर थोपटत होता. मी थांबले. ‘‘दिवसभर उभं राहून पाय दुखतात हो,’’ मी म्हटलं. कारण चांगलं होतं, मलाही पटलं. त्या गेल्यावर मी कोट हँगरला लावला. पण माझ्या खांद्याला काहीतरी काढून घेतल्यासारखं हलकं वाटत राहिलं, थेट जेवणापर्यंत.

मग रस्ता ओलांडताना. नवरा आणि मी भाजी आणायला निघालो होतो. सिग्नल पडला आणि माझा डावा हात आपोआप खाली, बाजूला गेला, बोटं पसरून. गंमत म्हणजे नवऱ्याचा उजवा हातही तसाच आला होता. आमचे हात एकमेकांना लागले नाहीत. आमच्या मधे बरीच जागा होती. आता आठवून बघितलं तर आम्ही नेहमी तसेच चालतो, मधे जागा सोडून. सगळीच जोडपी काही हातात हात घालून चालत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं.

४

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी वर स्वयंपाकघरात होते. हातातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत, खणखणत राहिलं. नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपरमधून डोकं न काढता ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू. उठेल.’’

झाकण फिरायचं थांबलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

‘‘कोण उठेल?’’ मी विचारलं.

‘‘आई,’’ तो म्हणाला.

‘‘आई खाली बसल्यात. आत्ताच चहा देऊन आले.’’

तो हसायला लागला, मीही हसले. ‘‘झोपेत होतास तू,’’ मी म्हटलं. ‘‘पेपर वाचता वाचता झोपतोस आणि वर मलाच गप्प करतोस.’’ आम्ही चांगले पोट धरून हसलो. मग त्याचं हसू आधी संपलं, आणि मी एकटीच हसतेय हे कळल्यावर माझंही.

त्या दुपारी मी घर पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं राहतेय, पण पाहुण्यासारखं उंबऱ्यात उभं राहून कधी बघितलं नव्हतं. झोपायच्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा आहे. वरचे सगळे ओसंडून वाहतायत, दार लावायला गुडघा लावावा लागतो, आणि खालचा स्वच्छ, रिकामा. मी तिथे कधी काही ठेवलेलं नाही. ठेवावंसंच वाटलेलं नाही. खिडकीची कडी बाहेरून तारेने आवळलेली आहे, खिडकी वीतभरच उघडते. आणि टेबल. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जाड कापडाच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्याने पक्क्या बांधल्या आहेत. मी त्या पट्ट्या दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसते.

‘‘या पट्ट्या तू का बांधल्यास रे?’’ मी नवऱ्याला विचारलं.

‘‘मी?’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटत होतं, तू बांधल्यास.’’

टेबल जुनं घेतलं असेल, पट्ट्यांसकट. असं आम्ही ठरवलं. टेबल आम्ही दोघांनी सुताराकडे उभं राहून करून घेतलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोललो नाही.

५

नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

तो आनंदी माणूस आहे. इस्त्री करताना शीळ घालतो आणि शिळेच्या तालावर वाफ सोडतो. त्याच्याही हाताला तोड नाही, फक्त आईच्या सावलीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. मलमलीचा झुळझुळीत ब्लाउज असो की लष्करी कापडाची पँट, कापडावर नुसता तळहात ठेवून तो इस्त्री किती तापलेली हवी ते सांगतो. माझ्या देखत त्याने कधी काही जाळलं नव्हतं.

त्या दिवसांत तो सफरचंद कापायला लागला की तीन वाट्या घ्यायचा. एक माझी, एक त्याची. तिसरीतल्या फोडींची सालं काढायचा आणि त्या अगदी बारीक करायचा, नखाएवढ्या. ती वाटी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला ठेवायचा. ‘‘आईंना?’’ मी विचारलं. ‘‘आईला सफरचंद चालत नाही, दात शिवशिवतात,’’ तो म्हणाला आणि त्या वाटीकडे बघत बसला. फोडी काळ्या पडल्या तरी त्याला ती उचलवली नाही. शेवटी मीच उचलली, आणि मलाही ती टाकवेना म्हणून झाकून ठेवली. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

मग शीळ थांबली. मग एका शर्टावर इस्त्रीचा पिवळा डाग पडला. त्या शर्टाच्या मालकाची माफी मागून मी मागे वळले तर इस्त्रीच्या टेबलापाशी नवरा नव्हता. दुकान उघडं, इस्त्री तापलेली, आणि हा गायब. वर गेले तर तो झोपायच्या खोलीत जमिनीवर बसला होता, पलंगाला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन.

‘‘अरे, काय झालं?’’

‘‘मी काहीतरी विसरलोय,’’ तो म्हणाला. ‘‘कुठेतरी ठेवून आलोय आणि विसरलोय. बाहेर अंधार पडेल आणि ते तिथेच राहील.’’

‘‘काय विसरलास? किल्ली? पाकीट?’’

‘‘नाही गं.’’ त्याने तळहातांनी डोळे दाबून धरले. ‘‘किल्ली विसरल्यावर असं रडू येतं का?’’

मी त्याच्या शेजारी बसले. तो लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि मला कारण माहीत नसताना माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आमच्या पाठीमागे पलंगावर ते पांघरूण होतं. त्याचा जडपणा मला पाठीला जाणवत होता. लोकर जडच असते. पण असा माझा नवरा रोज झिजत गेला तर मी त्याला कुठून उसनवारी करून भरून काढणार होते? मी उठले, पांघरूण गोळा केलं आणि खाली सासूबाईंच्या खोलीत घेऊन गेले.

६

त्या खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर काहीच काम नव्हतं. त्यांचे हात मोकळे मी पहिल्यांदाच बघितले.

‘‘आई, हे सुटतंय,’’ मी म्हटलं.

‘‘माहितीय.’’

‘‘काय आहे यात?’’

त्यांनी हात पुढे केले. मी पांघरूण त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते घेतलं तसं मी कधी कुणाला पांघरूण घेताना बघितलं नाही. एक हात खाली, एक हात वरच्या टोकाला, डोकं सांभाळावं तसा.

‘‘फाटलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी सांधलं.’’

‘‘पांघरूण?’’

‘‘पांघरूण नाही गं पोरी.’’

बाहेर नवरा खाली आला असावा. इस्त्रीतून वाफ सुटल्याचा आवाज आला.

‘‘मग काय? सांगा ना. आमच्याकडे कोण होतं?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक नाव उच्चारलं. नावच असणार. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा उघडले. मला ऐकू आली ती फक्त बाहेरची वाफ, लांबलचक फुस्स.

‘‘काय म्हणालात?’’

त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा वाफ. नवरा वाफ इतक्या वेळा सोडत नाही, हे मला कळत होतं.

‘‘हे असंच होतं,’’ त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्यासुद्धा. ‘‘मी आधीही सांगून पाहिलंय. राहवत नाही म्हणून. भोक बुजलं की बुजलं. तुमच्या नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाही, कुणाच्याच बोटाला लागत नाही.’’

‘‘पण का? का केलंत?’’ माझा आवाज चढला. आजवर मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता.

‘‘तो जेवत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. माझाच मुलगा ना तो? मी एक घरातलं गेलेलं बघितलं होतं, दुसरं डोळ्यांदेखत जाताना बघू?’’

‘‘आणि मी? मी का नाही अडवलं तुम्हाला?’’

‘‘तू?’’ त्यांनी पांघरुणावरून हात फिरवला. ‘‘तूच घेऊन आलीस हे माझ्याकडे. याच खोलीत. म्हणालीस, ‘आई, तुम्हाला सगळं सांधता येतं.’ ’’

७

मी खाली बसले, त्यांच्या पायांशी. ऊन खुर्चीच्या पायावरून सरकून पांघरुणावर आलं.

‘‘एक सांगू?’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, जरासा लाजल्यासारखा. ‘‘माझ्या हातून याच्यासारखं काम कधी झालं नाही. आणि हे एकच काम मला कुणाला दाखवता आलं नाही.’’

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी मला ते काम बघायचं होतं. माझी खोड अशा वेळीही सुटली नाही. मी पांघरूण जमिनीवर पसरलं, सरळ बाजू वर करून.

‘‘शोध बघू,’’ त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यांवर बसून शोधलं. तळहात फिरवला, गाल टेकवून तिरप्या उजेडात बघितलं, डोळे मिटून बोटांच्या टोकांनी चाचपलं. काठापासून काठापर्यंत. एकसारखी वीण, एकसारखा पोत, कुठे गाठ नाही, कुठे ताण नाही. असं काम माणसाच्या हातून होऊ शकत नाही. मी मान हलवली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना काउंटरवरचा तोरा आला, आणि गेला.

मग मी पांघरूण उलटं केलं.

उलट्या बाजूला टोकं होती. हजारो, बारीक, दाट, एकाच दिशेला बसवलेली, लव असावी तशी. मला वाटलं होतं, भोक असेल तर गोल असेल किंवा उभं फाटलेलं असेल. ही जागा तशी नव्हती. ती पांघरुणाच्या बरोबर मधे होती. माझी बाजू संपते आणि त्याची सुरू होते तिथे. वरच्या टोकाला गोल, मग बारीक, मग वाकडी झालेली पाठ, पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर झोपलेली, तोंड माझ्या बाजूला करून. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या दोन हातांएवढी लांब, फार तर.

राखाडी धाग्यांमधे काही धागे पांढरे होते, चमकणारे. मी एकावर बोट ठेवलं. तो लोकरीचा नव्हता.

‘‘पांघरुणातला धागा पुरेना,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात नकळत स्वतःच्या विरळ अंबाड्याकडे गेला. ‘‘आणि परका चालला नसता.’’

मी त्या जागेवर तळहात ठेवला. ती गरम होती. तिच्यावर ऊन नुकतंच आलं होतं, खालची फरशीही गरम असणार. मी शेजारच्या फरशीला हात लावून बघितला. उन्हातली असूनही ती गार होती.

८

‘‘आता काय करायचं?’’ मी विचारलं.

‘‘माझ्या डोळ्यांनी हे आता राखलं जाणार नाही. तुझा हात चांगला आहे, मी शिकवते. पण ज्याला सांधायचंय त्याला भोक बघावं लागतं. तुला सगळं कळेल, आणि त्याला काही कळू द्यायचं नाही. जन्मभर.’’ मग हळूच म्हणाल्या, ‘‘तितकं वाईट नसतं ते. सोबत असते.’’

दार लोटून घेतलेले ते दिवस, ते पुटपुटणं, ते हसू मला आठवलं.

‘‘तुम्ही सगळं स्वतःकडे ठेवलंत,’’ मी म्हटलं.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खोटं कशाला बोलू? आधी तुमच्यासाठी केलं. मग द्यावंसं वाटेना.’’

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस, त्या अधू डोळ्यांनी माझा चेहरा शोधणं, हे बघून मला काही ते जमलं नाही. आमच्या दोघांच्या वाटचं दुःख या बाईने एकटीने मांडीवर घेऊन इतकी वर्षं खेळवलं होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यांनी माझे केस कुरवाळले.

‘‘आणि उसवलं तर?’’ मी विचारलं.

हात थांबला. ‘‘एकदा सुटलं की मला परत घालता येणार नाही. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला तर?’’

‘‘तो आत्ताच वर बसून रडत होता, आई. रडतोय तो तसाही. फक्त कुणासाठी ते त्याला माहीत नाही.’’

बाहेर पुन्हा वाफेचा आवाज आला. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली वाकून हाताने चाचपडत ते सुटलेलं टोक शोधलं आणि माझ्या बोटांत दिलं.

‘‘माझ्याच्याने होणार नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू ओढ. हळू ओढ.’’

मी ओढलं. मला वाटलं होतं, जोर लागेल, काहीतरी फाटेल, कुणीतरी ओरडेल. तसं काही झालं नाही. धागा अगदी सहज आला, लांबच लांब, येतच राहिला, राखाडीचा मधेच पांढरा झाला. बाहेरची वाफ बंद पडली. गल्लीतले आवाजही जरा दूर गेल्यासारखे वाटले.

‘‘आता सांगा,’’ मी म्हटलं.

सासूबाईंनी नाव घेतलं आणि ते मला ऐकू आलं. साधंच होतं, दोन अक्षरी, हाक मारायला सोपं. ते आम्ही दोघांनी किती भांडून ठेवलं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं. ते मी इथे लिहिणार नाही. मी ओठ ओले केले आणि जेवायला बोलवावं तशी, नेहमीच्या आवाजात, मोठ्याने हाक मारली.

बाहेर इस्त्री स्टँडवर आदळल्याचा आवाज झाला. पावलं धावत आली आणि नवरा दारात येऊन उभा राहिला, चौकटीला धरून, पांढराफटक. त्याने मला काही विचारलं नाही. तो पांघरुणाकडे बघत होता.

आणि ओ आली.

लांबून नाही, वरच्या मजल्यावरून नाही. माझ्या गुडघ्यांपाशी, झोपेतून उठल्यासारखी, जराशी घोगरी. नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला अजून सांगता येत नाही. सासूबाईंनी मात्र मानही वळवली नाही. त्यांना ती सवयीची होती.